कारखान्यात मी एकटाच ख्रिस्ती आहे, साक्ष द्यायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आजीच्या काळापासून घर ख्रिस्ती, रविवारची उपासना चुकत नाही, तरुण संघात पेटी वाजवतो. कारखान्यात मात्र हा एकटाच. पाळकसाहेब सांगतात साक्ष द्या, सुवार्ता सांगा, आणि याचं तोंड उघडत नाही. खंडेनवमीची पूजा, गणपतीची वर्गणी, प्रसादाचा द्रोण, सगळीकडे अवघडून जातो. परवा एक सहकारी म्हणाला, "तुम्ही लोक बाटवायलाच बसलेले असता." त्यावर हा गप्प राहिला आणि तेच त्याला आत खातंय. शेवटी विचारलंय, "मावशी, मी भित्रा आहे का?"

भित्रा नाहीस. साक्ष म्हणजे भाषण, असं तुझ्या डोक्यात बसलंय आणि भाषण तुला जमत नाही, एवढंच. माझी सगळी नोकरी परिचारिकेची, त्यातली बरीच मेडिकल वॉर्डातल्या रात्रपाळीची. निवृत्त झाल्यापासून महिला मंडळाबरोबर आजाऱ्यांच्या भेटी आणि घरगुती प्रार्थना चालू असतात. माझं उत्तर खाटेजवळून आलेलं आहे, तसंच ते वाच.

खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. हाताला सलाईन, नातेवाईक औषधं आणायला खाली गेलेले, आणि रात्री दुखायला लागलं की हीच बाई येणार हे त्याला पक्कं ठाऊक. अशा माणसापुढे मी येशूबद्दल बोलायला लागले तर तो "हो सिस्टर, हो सिस्टर" करणारच. त्या हो मध्ये विश्वास किती आणि इंजेक्शनची सुई किती, हे देवालाच माहीत. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला. समोरच्याला "नको" म्हणून उठून जाता येत असेल, तिथेच तोंड उघडायचं. हा नियम माझ्या पदरचा नाही. मार्काच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात तो श्रीमंत माणूस येशूचं ऐकून खिन्न होतो आणि निघून जातो. येशूची त्याच्यावर प्रीती होती असं तिथेच लिहिलंय. तरी येशू त्याच्या मागे धावला नाही, अट सैल केली नाही की त्याची वाटही अडवली नाही.

आता हे तुझ्या टेबलावर आणून बघ. तू हिशेब बघतोस, म्हणजे मस्टर तुझ्याकडे. कोणाचा खाडा धरायचा, कोणाला किती उचल द्यायची, पीएफच्या कागदावर कोणाचं नाव चुकलंय, हे तुझ्या पेनावर अडलेलं असतं. म्हणजे कारखान्यातल्या निम्म्या माणसांसाठी तू जवळजवळ वॉर्डातली सिस्टरच. ज्याची उचल तुझ्याकडे अडकली आहे त्याला त्या दिवशी "रविवारी आमच्या चर्चला ये" म्हणू नकोस. तो येईलही. पण तो उचलीसाठी येईल, आणि हे त्याला कळतं, तुलाही कळतं. उचल दे, हिशेब मोकळा होऊ दे, मग महिन्या-दोन महिन्यांनी चहाच्या टपरीवर विषय निघालाच तर बोल.

तोवर मस्टर नीट ठेव. हे मी सहज म्हणत नाही. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे, की ज्यांनी शेतं कापली त्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी जाते. शेताच्या जागी माग ठेव. वीज गेली, माग तासभर बंद राहिला, नग कमी भरले, आणि आठवड्याच्या पगारात ते कामगाराच्या अंगावर पडले, हे तुला रोज दिसत असणार. शिवणाऱ्या बाईचे नग मोजताना डागी माल म्हणून किती बाजूला काढले आणि त्यातले खरंच डागी किती, हेही तुला ठाऊक असतं. तिथे मालकाशी दोन शब्द बोलणं हे माझ्या मते पत्रकं वाटण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहून तंबू करायचा. जाड कापड हातानं टाचणारा, पोट स्वतः भरणारा माणूस होता तो. आपल्या गावाला हे वेगळं समजवायला नको. आणि जुन्या करारातल्या दानिएलाच्या वैऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली तेव्हा त्यांना काहीच सापडेना, तेव्हा कुठे त्यांनी त्याच्या प्रार्थनेवर बोट ठेवलं. क्रम लक्षात घे.

पण इथे थांबलो तर स्वतःची फसवणूक होते. "माझं जगणंच माझी साक्ष" असं म्हणणारे आपल्या मंडळीत खूप आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते न बोलण्याची सोय म्हणून हवं असतं. सोलापुरात चोख हिशेब ठेवणारे लिंगायत आहेत, पद्मशाली आहेत, मुसलमान आहेत, जैन आहेत. तुझा हिशेब चोख आहे म्हणून कोणाला ख्रिस्त कळणार नाही, तू चांगला हिशेबनीस आहेस एवढंच कळेल. कधीतरी बोलावं लागतंच. कधी, ते पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे. तुझ्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा आणि ते सौम्यपणे दे. म्हणजे आधी विचारणारा हवा. आणि विचारल्यावर उत्तर तयार हवं, ततपप नको.

एका रात्रपाळीला एक म्हातारी आई दम्यानं बेजार होती आणि तिचा मुलगा स्टुलावर बसून होता. तेलुगू घर, मुलगा मागावर. मी इंजेक्शन भरताना नेहमीप्रमाणे ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होते. त्यानं विचारलं, "सिस्टर, काय पुटपुटता?" मी म्हटलं, "प्रार्थना करते. माझा हात चुकू नये आणि आईंना जरा झोप लागावी म्हणून." "कोणाला करता?" "येशूला." तो म्हणाला, "मी मार्कंडेयाला सांगितलंय." मी म्हटलं, "बरं." आणि आईची उशी उंच करायला त्याला हात लावायला सांगितला. संपलं. पुढं तीन-चार रात्रींनी आई जरा बरी असताना त्यानं आपणहून विचारलं की येशूला नवस बोलावा लागतो का. तेव्हा मी सांगितलं, नवस लागत नाही, त्यानं आधीच सगळं देऊन टाकलंय, आपण फक्त घ्यायचं. त्यानं मान हलवली, पटलं असं काही म्हणाला नाही. त्याला डिस्चार्जनंतर मी शोधत गेले नाही. आपल्याकडच्या साक्षीच्या गोष्टी नेहमी बाप्तिस्म्यावर संपतात. बहुतेक खऱ्या गोष्टी अशा मान हलवण्यावरच थांबतात, आणि तरुण मुलांना हे आधी सांगायला हवं.

तुला कोणी विचारलं तर काय बोलायचं ते घरी एकदा मोठ्यानं म्हणून बघ. पाळकसाहेबांची भाषा नको. "पापक्षालन", "तारण", "नवा जन्म" हे शब्द आपल्याला लहानपणापासून शब्बाथशाळेत मिळाले. टपरीवरच्या माणसाला त्यातून काही लागत नाही. तुझ्या आयुष्यात येशूमुळे काय झालं, हे दोन-तीन वाक्यांत, तू मित्राशी बोलतोस त्या मराठीत सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर अडचण धीटपणाची नाही, मग आपण आधी प्रार्थनेबद्दल बोलायला हवं.

आता त्या "बाटवायला बसलेले" बद्दल. चिडू नकोस. त्या माणसाच्या मनात तुझं नाव नाही, ऐकीव गोष्टी आहेत आणि त्यातल्या सगळ्याच खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. अमेरिकन मराठी मिशननं सोलापुरात मुलींच्या शाळा काढल्या, बालवाड्या चालवल्या, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण धान्य, नोकरी, शाळेची फी पुढे करून माणसं गोळा करणारेही कुठे कुठे होऊन गेले आणि आजही आहेत. आपण ते नाकारलं की आपलं बाकीचंही कोणी ऐकत नाही. कायद्याचं म्हणशील तर राज्यघटनेचं कलम २५ आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा वेगळा मूलभूत हक्क त्यात येत नाही. आपल्यातले काही जण या निकालावर नाराज असतात. मला त्यात मोठी अडचण दिसत नाही. माणसाचं मन वळवणं आपल्या हातात आहे असं आपलं शास्त्र तरी कुठे म्हणतं? पेरणारा पेरतो, पाणी घालणारा घालतो, वाढवणारा देव, हे पौलानंच लिहिलंय. तेव्हा त्या सहकाऱ्याला शांतपणे म्हण, "पैसे देऊन किंवा घाबरवून कोणी आणत असेल तर ते मलाही चूक वाटतं. मी का मानतो ते ऐकायचं असेल तर सांगतो. नको असेल तर चल, चहा घेऊ." आणि चहाचे पैसे तू दे.

आजारपणाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्त्यांतून प्रार्थनेची बोलावणी खूप येतात. तंबाखूच्या धुळीत दिवसभर बसून खोकला लागलेला असतो, घरात हवा नाही, अंगावर रक्त नाही. क्षयाचं निदान झालं की आधी लपवाछपवी आणि मग "प्रार्थना करा" म्हणून निरोप. जावं, जरूर जावं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, तिच्या नावानं करावी. पण मी गेले की प्रार्थनेआधी गोळ्यांचं पाकीट मागते. कितवा महिना चालू आहे, कुठली गोळी राहिली, हे बघते. साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि तेवढ्यात कोणीतरी उत्साही भाऊ सांगतो, "ताई, प्रभूनं बरं केलं, आता विश्वास दाखवा, गोळ्या बंद करा." हा माणूस त्या बाईचं काय करतो ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे. अर्धवट सोडलेला क्षय औषधाला दाद न देणारा होऊन परत येतो, आणि घरातल्या पोरांनाही देऊन जातो. येशूनं बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला "जा, याजकाला दाखव" म्हणून पाठवलं होतं. त्या काळात तपासून बरं झाल्याचं सांगणारा तोच होता. आज तो मान सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा आहे, थुंकीची तपासणी त्यांनी करावी आणि गोळ्या त्यांनी बंद कराव्यात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही ठाऊक असू दे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरपासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. आपण प्रार्थना म्हणतो म्हणून आपल्याला वेगळी सूट मिळावी असं मला वाटत नाही. दवाखान्याच्या रिक्षात बसूनही प्रार्थना होते.

सणांचं तू विचारलंस. इथे मंडळ्यांमंडळ्यांत मतं वेगळी आहेत, मी माझं सांगते. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माग पुसणं, तेलपाणी करणं, झेंडूच्या माळा ओवणं यात खुशाल हात घाल. ज्या यंत्रावर सगळ्यांचं पोट आहे ते स्वच्छ करण्यात कसली अडचण? आरतीच्या वेळी मागे उभा राहा, चपला काढून, मोबाइल खिशात ठेवून. आरती म्हणू नकोस, कुंकू लावून घेऊ नकोस आणि कोणी आग्रह केला तर "मी ख्रिस्ती आहे, मनात प्रार्थना करतो" एवढं सांग. पहिल्या वर्षी दोघेतिघे बघतील, दुसऱ्या वर्षी कोणी बघणारही नाही. लक्ष्मीपूजनाला वह्या आणून ठेवणं हे तुझ्या कामातच येतं, आणून ठेव. जुन्या करारात नामान सेनापतीनं अलीशा संदेष्ट्याला विचारलं होतं, माझा राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात नमतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, देव मला क्षमा करो. यावर लोक दोन्ही बाजूंनी भांडतात. मला एवढंच दिसतं की अलीशानं त्याला झापलं नाही, "शांतीनं जा" म्हणाला.

प्रसादाचं उत्तर पौलानं करिंथकरांना दिलंय, पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात. बाजारात मिळेल ते विचारपूस न करता खा, कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. मी त्याप्रमाणे प्रसाद खात नाही. पण नाही म्हणायची रीत असते. द्रोण दुरून ढकलायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही, आणि घेऊन मागच्या बाजूला टाकून द्यायचा तर मुळीच नाही, ते कोणी ना कोणी पाहतंच. हात जोडायचे, "मी घेत नाही, पण जेवायला कधीही बोलवा" म्हणायचं, आणि बोलावलं की खरंच जायचं. माझ्या ओळखीत प्रसाद घेणारे भक्तिमान ख्रिस्ती आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. वर्गणीचं सोपं आहे. मंडळाचं रक्तदान शिबिर असतं, त्याला पैसे दे आणि रक्तही दे. गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेला, मित्रांबरोबर जाऊन ये. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावासाठी तलाव खोदला, त्याच्या काठावर आपण सगळे वाढलो. पांढऱ्या बाराबंदीत नंदीध्वज पेलणारा माणूस वर्षभर कारखान्यात तुझ्या शेजारी काम करतो. त्याच्या श्रद्धेची टिंगल होताना, चर्चच्या आवारातसुद्धा, हसू नकोस.

कारखान्यातल्या एका मुलाला प्रार्थनेला यायचंय आणि तो बाप्तिस्म्याचं विचारतो, असंही तू लिहिलंयस. त्याला घाई करू नकोस. तो अनुसूचित जातीचा असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही. हा नियम अन्यायाचा आहे असं मलाही वाटतं, त्यावर कोर्टात लढे चालले आहेत. पण आज तो आहे. दाखला, शिष्यवृत्ती, काय काय सुटू शकतं, हे त्याला बाप्तिस्म्याआधी कोणीतरी समोर बसवून सांगितलं पाहिजे, आणि ते तू सांग. रविवारी चर्चमध्ये आणि कागदावर दुसरंच, असं जगणारी घरं आपल्याला माहीत आहेत. त्यांना मी दगड मारणार नाही, पण नव्या माणसाला त्या वाटेवर आपण होऊन ढकलायचं नाही. मनोरा बांधायचा तर खर्च आधी बसून मोजा, असं येशूच म्हणाला. त्यानं मोजून "आत्ता नको" म्हटलं तरी तुझी मैत्री तेवढीच राहिली पाहिजे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं एवढ्या मोठ्या कवीच्या स्वतःच्या घरातच वाट पाहण्यात गेली.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकत असशील तर बंद कर. तो ग्रुप पाळ्यांच्या निरोपासाठी आहे आणि त्यातून कोणाला बाहेर पडता येत नाही, म्हणजे परत तोच खाटेचा प्रश्न. ज्यानं मागितलं त्याला वेगळं पाठव.

आणि नाताळ. तुझ्या आईच्या हातच्या करंज्या, चकल्या, अनारसे यांचे डबे कारखान्यात ने. वॉचमनपासून सुरुवात कर, मालकाच्या केबिनपासून नको. डब्यात पत्रक घालू नकोस, फराळ हा फराळच असू दे. घरी बोलवायचं असेल तर चोवीसच्या रात्री नको, तेव्हा गाण्यांच्या फेऱ्या असतात आणि कोणालाच धड बसता येत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी बोलव, बायकामुलांसकट. शाकाहारी किती आहेत ते आधी विचारून घे आणि त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात कर. त्या आठवड्यात नळाला पाणी कधी येणार तेवढं बघून दिवस ठरव, नाहीतर तीस माणसांची भांडी घासताना तुझी आई तुझ्या नावानं साक्ष देईल. जेवणाआधी रोज करता तशी प्रार्थना करा, आहे तेवढीच, पाहुण्यांसाठी लांबवू नका. कोणी भिंतीवरच्या वचनाचा अर्थ विचारलाच, तर घरी म्हणून बघितलेली ती दोन-तीन वाक्यं तेव्हा सांग.